गोंदवाले शेजारी

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत समोर राहणारे गुजराती गृहस्थ चपलांचा गोंद बनवणाऱ्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. बोलताना ते तोंडाकडे कमी आणि पायांकडेच जास्त बघायचे. "आमच्या गोंदात, भाऊ, एक भाग कडक, एक मऊ. मऊ ताण सोसतो, कडक धरून ठेवतो. पण फार तापला, की कडकही ढिला पडतो!" रोज सकाळी दुधाच्या रांगेत हेच कीर्तन.

भाचीच्या साखरपुड्याआधी माझ्या एकुलत्या एक चांगल्या बुटाचा सोल निघाला आणि मी मूर्खासारखा तो यांना दिला. ऐन निघायच्या वेळी स्वारी हसत हजर. बूट चिकटवून, गच्चीवर तापवून, वर पकडीनं ओढूनही पाहिला होता.

"जुओ, जुओ, बघा! सांधा हललासुद्धा नाही. चामडंच फाटलं!"

"अहो, पण मी घालू काय?"

त्यांचा चेहरा उतरला. पायातल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि तापल्या रस्त्यावरून अनवाणी, उड्या मारत घरी गेले. त्याच घालून मी साखरपुड्याला निघालो.

हॉलच्या दारात चपला काढताना नीट पाहिल्या. दोन्ही सोल मोच्याकडून चांगले जाड दोऱ्यानं शिवून घेतलेले होते.