बुंदीचं पोट

मालू म्हात्रेला पालीची इतकी शिसारी होती, की भिंतीवर एखादी दिसली तर ती स्वयंपाक टाकून अंगणात जाऊन उभी राहायची. चुलीवरची डाळ करपली तरी चालेल, पण कुणीतरी येऊन पाल हाकलल्याशिवाय ती आत पाऊल टाकायची नाही. लहानपणी वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावात, मिठागरावरच्या खोपटात दुपारची झोपलेली असताना आढ्यावरून एक पाल तिच्या गळ्यावर पडली होती. आईने डोक्यावरून अंघोळ घातली, देवापुढे दिवा लावला. पण ती थंडगार वळवळ काही मालूच्या गळ्यावरून गेली नाही.

अशा बाईच्या घरात लेपर्ड गेको, म्हणजे पेटीत पाळायची पाल, आली ती भाडेकरूमुळे.

मालू आणि तिचा नवरा गोविंदा रोह्याला अष्टमी भागात राहतात. गोविंदा धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर शिफ्टला जातो. एकुलती मुलगी समीक्षा लग्न होऊन खांबला गेली आणि तिची मागची खोली रिकामी पडली. ती त्यांनी आदेशला दिली. आदेश उदगीरकडचा, गोविंदाच्याच कंपनीत लॅबला. जेवायला मालूकडेच. पहिले काही महिने तो मासळीच्या वासाने नाक मुरडायचा, आणि मग कोलंबीचं कालवण मागून घ्यायला लागला, तेव्हा मालूने ओळखलं की हा आता घरचा झाला.

एका रविवारी तो पुण्याहून काचेची पेटी घेऊन आला. परदेशी निघालेल्या मित्राने दिलेली. पेटीत पिवळी, अंगभर ठिपक्यांची, गाजरासारख्या जाड शेपटीची पाल.

"काकू, ही पाल नाही," आदेश घाईघाईने म्हणाला. "म्हणजे आहे, पण तसली नाही. हिला भिंतीवर चढताच येत नाही. बुंदी नाव आहे हिचं."

मालू तोवर अंगणात पोचली होती. तिथूनच तिने सांगितलं, "पेटीला झाकण पायजे, खोलीला कडी पायजे, आणि मना ती दाखवायची नाय."

सहा-आठ महिने हा करार नीट चालला. मग पौषात एका सकाळी आदेशला घरून फोन आला. वडिलांना हार्ट अटॅक आला होता, लातूरला हलवलं होतं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. कपडे पिशवीत कोंबता कोंबता तो दारात थांबला आणि मालूकडे बघत राहिला. तो काय विचारणार हे तिला कळलं. त्या क्षणी तिला पाल दिसली नाही, पोराचं तोंड दिसलं.

"जा तू," ती म्हणाली. "बघेन मी."

खाऊ म्हणजे जिवंत अळ्या. गव्हाच्या कोंड्यात वळवळणाऱ्या, डब्यात भरून ठेवलेल्या. एक दिवसाआड दोन-तीन, लांब चिमट्याने पेटीत सोडायच्या. पहिल्या दिवशी मालूने हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून अळी टाकली आणि दार लावून घेतलं. पुढची पाळी नेमकी सोमवारी आली. सोमवारी त्यांच्या घरात मासळीसुद्धा शिजत नाही.

"आज कशी घालू वो तिला?" तिने गोविंदाला विचारलं.

"तिला कुणी सांगितलंय आज सोमवार हाय म्हणून?" गोविंदा बूट चढवत म्हणाला आणि ड्युटीला निघून गेला.

त्या दिवशी मालूने मान वळवली नाही. अळी पडल्यावर बुंदी बिळातून हळूच बाहेर आली, शेपटीचं टोक हलवलं, झडप घातली, आणि खाऊन झाल्यावर दोन्ही डोळे मिटून घेतले. मालू बघतच राहिली. घरातली पाल कधी डोळे मिटत नाही, तिला पापण्याच नसतात. ही मात्र जेवल्यावर माणसासारखी सुस्तावली होती. त्यानंतर दार लावायची मालूची घाई जरा कमी झाली.

आणि मग बुंदीने खाणं सोडलं.

आधी एक अळी उरली, मग सगळ्याच उरू लागल्या. शेपटी बारीक होत चालली, पण पोट मात्र फुगलं. पोटाच्या पातळ कातडीखाली निळसर डाग दिसू लागला. चालताना मागचे पाय ओढायची. मधूनच अंग ताणायची, जोर करायची, आणि थकून पडायची. मालूला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं घातलं. अळ्या शिळ्या होत्या का? पाणी बाधलं का? आदेशचा रोज संध्याकाळी फोन यायचा. त्याच आठवड्यात वडिलांचं ऑपरेशन होतं.

"काकू, बुंदी बरी आहे ना?"

"तू बाबांकडं बघ रे," ती म्हणायची आणि विषय बदलायची. खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

शेवटी ती रोह्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडे जाऊन उभी राहिली. ते भले गृहस्थ. म्हणाले, "मावशी, मी गाई-म्हशी बघतो. मी हिला हात लावला तर अंदाजपंचे औषध होईल. पेणला प्रणित म्हणून डॉक्टर आहेत, ते पक्षी, ससे, असले जीव बघतात. त्यांच्याकडे न्या, आणि आजच न्या."

प्लॅस्टिकच्या डब्याला मालूने तापलेल्या सुईने भोकं पाडली. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्यात एका बाजूला ठेवली, कारण बुंदीला ऊब लागते हे आदेशने बजावून सांगितलं होतं. चिमट्याने उचललं तर बुंदीची धडगत नव्हती, म्हणून डबा पेटीत आडवा धरला आणि पुठ्ठ्याने तिला हळूहळू आत सरकवलं. एवढं करेपर्यंत मालूला थंडीत घाम फुटला. मग डबा पदराखाली घेऊन ती पेणच्या एसटीत बसली.

वडखळच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे अलिबागच्या फाट्यापर्यंत ट्रक आणि ट्रेलर एकाला एक लागून उभे. कंडक्टर खाली उतरून विडी ओढायला लागला, म्हणजे आता काही खरं नव्हतं. मालूने डब्याला हात लावून पाहिला. बाटली निवत चालली होती. तिचं माहेर तिथून जवळच. तिने भावाला, कान्हूला, फोन लावला.

कान्हू मिठागराच्या बांधावरून तसाच, पायाला सुकलेला चिखल घेऊन स्कूटरवर आला.

"काय गो मालू, काय झाला? कोण आजारी हाय?"

"हाय एक. पेणला ने मना बिगीबिगी."

"डब्यान काय हाय? जेवण?"

"नाय."

"मग?"

"तू गाडी चालव रे!"

ट्रेलरांच्या फटीतून, कच्च्या कडेने त्याने स्कूटर काढली. वाटेत एका चहाच्या टपरीवर मालूने बाटली पुन्हा गरम पाण्याने भरून घेतली. कान्हू तोंडाचा आ करून बघत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी डबा उघडला तेव्हा मात्र तो एका उडीत दारापर्यंत मागे गेला. "अगो बाय माझे! ही माझ्या पाठीला लावून आनलीस तू?"

डॉक्टर प्रणित तिशीतले, शांत. त्यांनी बुंदीला तळहातावर घेतलं, पोट बोटाने चाचपलं, आणि एक्स-रे काढला. पडद्यावर पोटाच्या जागी पांढऱ्या कणांचा गच्च ढीग दिसत होता.

"वाळू," डॉक्टर म्हणाले. "पेटीत वाळू घातली आहे का?"

"व्हय. पिवळी, बारीक."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. ती आलीच वाळूत, मंग पोरगा पण दुकानातनं तीच आणतो."

"दुकानवाले विकतात, लोक घालतात. अळी पकडताना वाळू तोंडात जाते. त्यात हिला कॅल्शियम कमी पडलंय, म्हणून ही मुद्दाम चाटतसुद्धा असणार. कित्येक महिन्यांचं साठलंय हे."

"म्हंजे..." मालू पुढे सरकली. "म्हंजे मी काय वंगाळ घातलं नाय?"

"तुम्ही? नाही हो. तुम्ही वेळेत आणलंत."

मालू स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. इतके दिवस छातीवर घेऊन फिरलेलं ओझं एका वाक्यात उतरलं होतं. कान्हू दारातूनच म्हणाला, "अगो, रडतेस काय? बरी होईल ती."

"होईल असं मी आत्ताच म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन झेपणार नाही इतकी अशक्त आहे. घरी उपाय करून बघू. रोज दोनदा कोमट पाण्यात बसवायचं, पोटापर्यंतच पाणी. पोटावरून बोट फिरवायचं, पुढून मागे, अगदी हलकं. नाकावर औषधाचा थेंब ठेवायचा, ती चाटून घेईल. वाळू सगळी काढून साधा कागद घाला. आणि हे सगळं हातात धरून करावं लागेल. चिमट्याने नाही."

"हातात?"

डॉक्टरांनी बुंदी तिच्या तळहातावर ठेवली. मालूने डोळे गच्च मिटले. थंडगार वळवळीची वाट बघत ती ताठ बसून राहिली. पण बुंदी थंड नव्हती. बाटलीच्या उबेला बसून आलेली, ती कोमट होती. आणि वळवळतही नव्हती. चार बारीक पाय टेकून नुसती बसली होती, आणि तिच्या पोटातला श्वास मालूच्या हाताला लागत होता.

त्या संध्याकाळी आदेशचा फोन आला तेव्हा मालूने सरळ सांगितलं. "बुंदीचं पोट बिघडलंय. पेणला नेऊन आणली. औषध चालू हाय." वाळूचं बोलली नाही. ज्याचा बाप अजून आयसीयूत आहे त्याला ते कशाला?

आदेशने पलीकडून विचारलं, "काकू, तुम्ही तिला हातात घेतलंत?"

"घेतली रे. चावत नाय ती."

मग सुरू झालं बाळंतिणीच्या घरासारखं. सकाळी भात उतरला की मालू परातीत पाणी काढायची, कोपर बुडवून बघायची. समीक्षा तान्ही असताना असंच बघायची. बुंदीला पाण्यात बसवून पोटावरून बोट फिरवायची आणि तोंडाने काहीबाही बोलत राहायची. कोमट पाण्यात बुंदी डोळे मिटायची. एक दिवस दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, पेटीखालची गरम होणारी चटई बंद पडली. मालू बाटल्या बदलत राहिली. गोविंदा घरी आला तेव्हा बायको पेटीला गोधडी लपेटून बसलेली. दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना तो रबराची गरम पाण्याची पिशवी घेऊन आला.

फरक मात्र पडेना. बुंदी औषध चाटायची, पाण्यात बसायची, जोर करायची, आणि थकून मान टाकायची. डॉक्टर फोनवर म्हणाले, "अजून दोन दिवस बघू. नाहीतर घेऊन या, धोका पत्करून ऑपरेशन करू." मालूची झोप आणि स्वयंपाकावरचं लक्ष, दोन्ही उडालं. गोविंदाच्या डब्यात तिने एकदा मीठच घातलं नाही. मिठागराच्या लेकीने.

दुसऱ्याच दिवशी गोविंदा सकाळची शिफ्ट करून अष्टमीच्या गल्लीत शिरला, तर घरातून बायकोची आरोळी ऐकू आली. तो सायकल तशीच आडवी टाकून धावत आत गेला. मालू मोरीपाशी परातीसमोर बसलेली, हात ओले, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"काय झाला? गेली काय?"

"केली!" मालू ओरडली. "अवो, शी केली!"

परातीत वाळूचा ओला, पिवळट गोळा पडला होता. त्याच्या मागून अजून थोडी. बुंदी बाजूला, पोट सैल सोडून, डोळे उघडे ठेवून बसली होती. गोविंदाने खाली वाकून नीट पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो असल्या गोष्टीकडे इतक्या आदराने बघत होता. "बापरे," तो म्हणाला, "केवढी वाळू! बंगला बांधून होईल." आणि दोघं नवराबायको मोरीत बसून पोट धरून हसली.

मालूने त्या गोळ्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. डॉक्टरांचा लगेच फोन आला, "शाब्बास, आता सुटली. उरलेली येईल हळूहळू. औषध चालू ठेवा." मग तोच फोटो तिने आदेशलाही पाठवला. तो त्या वेळी वडिलांच्या खाटेजवळ बसला होता. वडिलांना आदल्याच दिवशी साध्या वॉर्डात आणलं होतं. त्यांनी विचारलं, हे काय बघतोस? आदेशने सांगितलं. ऑपरेशननंतर म्हातारा पहिल्यांदा हसला, टाके दुखतात म्हणून छाती धरून हसला. हे आदेशने नंतर सांगितलं.

तो परत आला तेव्हा बुंदी अळ्या खायला लागली होती, आणि शेपटी जरा भरली होती. पेटीत वाळू नव्हती, नुसता कागद अंथरलेला.

"काकू, वाळू कुठे गेली?"

आता मालूने सांगितलं. आदेश पेटीसमोर मांडी घालून बसला. "म्हणजे मीच तिला..."

"तू दुकानवाल्याचं ऐकलंस, मी डॉक्टरचं ऐकलं," मालू म्हणाली. "बाबा बरं हायत ना? ही पण बरी हाय. ऊठ, हात धू, जेवून घे."

तो जेवला, भात दोनदा घेतला, आणि बसल्या जागी पेंगायला लागला. मालूने त्याला उठवून खोलीत धाडलं.

दुसऱ्या दिवशी पेटी, डबा, औषध, सगळं त्याच्या हवाली करून ती मुलीकडे खांबला गेली. तिथे पोचली, चहा घेतला, आणि ओटीवर उन्हात सतरंजी टाकून जी झोपली ती तिन्हीसांजेलाच उठली. समीक्षा काळजीने उशाशी येऊन बसली होती.

"आये, बरं नाय काय गो तुला?"

"बरं हाय," मालू आळस देत म्हणाली. "लय बरं हाय."