तळमजल्यावरच्या खोलीची जाहिरात

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, तू जाहिरातींवर एवढी का चिडतेस? एकदा नीट लिहूनच ठेवते.

आपल्या तुळजापूरच्या लॉजमध्ये येणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत. शाळेतली इंग्रजीची नोकरी संपल्यावर मी त्यांची एक वही केली. कोण कधी येतं, कोणाला जिना चढवत नाही, कोणाकडं नवी सून आली, सगळं त्यात. नवरात्राआधी प्रत्येक घराला माझं पत्र जायचं आणि पाकिटात पुडीत बांधलेलं देवीचं कुंकू. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, तिथं कुंकू नाही आणि "या" असंही नाही. नुसत्या चार ओळी.

मागच्या वर्षी तुमच्या काकानं पत्रं बंद केली. सोलापूरच्या एका मॅडमकडं जाहिरातीचं काम दिलं. आपली वेबसाइट जो एकदा उघडेल, त्याच्या फोनवर आपली जाहिरात पुन्हा पुन्हा दिसत राहणार. जुनं गिऱ्हाईक परत यावं म्हणून.

त्याच सुमाराला पुण्याच्या एका घराला मीच वेबसाइट बघायला सांगितली. त्या घरच्या सासूबाई माझ्याच वयाच्या, दर वर्षी तळमजल्याच्या खोलीत उतरायच्या. त्यांचे गुडघे गेले म्हणून मी तिथं खुर्चीचा संडास आणि भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली होती. सुनेला फोन करून म्हटलं, "फोटो बघा अन् त्यांनाही दाखवा." दोघींनी बघितले. सासूबाई म्हणाल्या म्हणे, "आता काय, धावत येते!"

पंधरा दिवसांत त्या गेल्या.

पत्रं बंद असली तरी मी कुंकवाशिवायचं पत्र पाठवलं. पण जाहिरात थांबली नाही. ऐन नवरात्रात सुनेचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त लागला.

"काकू, रोज ती खोली दिसते हो. ती दांडी दिसते. वर लिहिलेलं असतं, तुमची खोली तुमची वाट बघतेय. मी फुली दाबून बंद केली, तर आता ह्यांच्या फोनवर येते."

मी तशीच वही घेऊन काकाकडं गेले. त्यानं मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला.

"एवढं एक घर काढा," मी म्हटलं.

"आजी, आमच्याकडं नावं नसतात. नुसते फोन असतात."

"मग त्या फोनला सांगा, वर्षाच्या आत त्यांच्यात सण नाही का कुळाचार नाही."

त्या हसल्या. वाईट हेतूनं नव्हे, पण हसल्या. "सहा महिन्यांनी आपोआप बंद होईल."

"मग फोटो तरी काढा त्या खोलीचा!"

यावर काका म्हणाला, "आई, सगळ्यात जास्त लोक तोच फोटो बघतात. एका घरासाठी काढायचा का?"

फोटो राहिला. जाहिरात सहा महिने चालली आणि बंद झाली. गंमत बघा, ज्या दिवसांत त्यांना बोलवायचंच नव्हतं, त्या दिवसांत रोज बोलावणं गेलं. आणि वर्ष सरून ते यायला मोकळे झाले, तेव्हा जाहिरात गप्प. मग मीच पत्र लिहिलं, पुडी बांधली, वर "नक्की या" असं दोनदा लिहिलं.

ते आले. उतरले मात्र बसस्टँडजवळच्या दुसऱ्या लॉजमध्ये. दर्शन झाल्यावर सून एकटी मला भेटायला आली, माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

"रागावू नका काकू. त्या खोलीकडं बघवलं नसतं आम्हाला."

"दुसरी दिली असती की वरची."

"दारावरून तर जावंच लागलं असतं ना."

मी तिला चहा दिला, ओटी भरली आणि मागच्या दारानं गल्लीपर्यंत सोडून आले.

परत आले तर काका काउंटरवर बसलेला. "गेले का ते? तिला वेबसाइट तेवढी उघडायला लावायची होतीस. परत जाहिरात सुरू झाली असती."

मी वहीत त्या घरापुढं लाल शाईनं लिहिलं: फक्त पत्र. पण ती वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.