दिगंबर ठीक आहे, हे मीच लिहिलं होतं

माझा लेक दिगंबर मेला. आन् मी तुमच्याशी अकरा दिवस खोटं बोलले.

ही पोस्ट त्याची न्हाई. त्याची आई बोलून राहिली. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, माझं बोललेलं हा फोन लिहून घेतो. चूक झाली तर फोनला शिव्या द्या.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगते.

दिगंबरचं मुखेडला फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाचे फ्लेक्स छापून पोट भरायचं, आन् उरलेला सगळा वेळ पोरींच्या फुटबॉल क्लबला. मॅच कधी, कुठं, किती गोल, पेपरवाल्याला फोन, पोरींच्या बापांना फोन. पगार शून्य.

"लग्नाच्या बायकोला एवढे फोन केले न्हाईस," मी म्हणायची.

"बायको मॅच खेळत न्हाई, आई."

माझी सून शोभा आतून ओरडायची, "खेळते की! रोज तुमच्या आईसंगं!"

ह्या पेजवर कुठलाबी मेसेज टाकायच्या आधी तो मला वाचून दाखवायचा. मी भाकरी थापत असायची.

"आई, तुला कळलं की सगळ्या मुखेडला कळलं."

मी म्हणायची, लई लांब हाय, काप. तो कापायचा.

पोरी सात-शून्य हरल्या तर सात-शून्यच टाकायचा.

"झाक की जरा. लोक हसतेत."

"आज झाकलं तर उद्या जिंकल्यावर कोण खरं मानल?"

म्हणून लोक म्हणायचे, दिगंबरनं टाकलं म्हणजे झालं, विचारायचं काम न्हाई.

त्याच्या ह्याच इज्जतीवर मी माझं खोटं खपवलं.

कावीळ उतरंना म्हणून नांदेडला नेलं. डॉक्टरनं बाजूला घेऊन सांगितलं, लिव्हर गेलंय, आजी.

त्याचा फोन माझ्या हातात. तुमचे मेसेज येऊन राहिले. सर कसे आहेत? भेटायला येऊ का?

मी बोलले, फोननं लिहिलं.

"दिगंबर ठीक आहे. पुढच्या रविवारी घरी येईल. कुणी भेटायला येऊ नये."

लई लांब नव्हतं. कापायला काही नव्हतं.

लातूरला पोरींच्या मॅचेस हायत, त्यांचं ध्यान कशाला मोडायचं, असं मी शोभाला सांगितलं. तेबी खोटं. त्याच्या पेजवर आलं की गोष्ट खरी व्हायची. ती खरी करायचा दम माझ्यात नव्हता.

मग रोज तेच. ठीक आहे. ठीक आहे.

एक दिवस कॅप्टन रुखसारचा फोन. "आज्जी, सर को दो ना फोन. दो मिनिट बस."

"झोपलाय गं."

जागा होता. माझ्याकडंच बघत होता.

शनिवारी पहाटे गेला. दुपारी मुखेडला अग्नी दिला.

बिलोलीच्या दोघी पोरींना, रुखसार त्यातलीच, लोकांनी फोन करून सांगितलं. त्या लोकांवरच चिडल्या. "काहीबी बोलू नका. सरांच्या पेजवर रविवारी घरी लिहिलंय."

रविवारी एसटीनं आल्या. हातात डझनभर केळी. दारात बसलेल्या बायका बघितल्या आन् फाटकातच उभ्या राहिल्या.

केळी मी घेतली हातातून.

रुखसार रडली न्हाई. तिनं एवढंच विचारलं, "आज्जी, सर ने हमारा नाम लिया क्या?"

मी उठून आत गेले.

आज दहावा झाला. तिला जवाब देते.

घेतलं बाई. शुक्रवारी संध्याकाळी.

"आई, पोरी निघाल्या का लातूरहून?"

मी म्हणलं, "निघाल्या."

"कुठवर आल्या?"

"लोहा सोडलं. नांदेडला आल्याच."

मग तो दाराकडं तोंड करून पडला. पुन्हा काही विचारलं न्हाई.

पोरींनो, तुम्ही आला न्हाईत असं कुणी म्हणलं तर त्याला माझ्याकडं पाठवा. तुम्हाला मी येऊ दिलं न्हाई. आन् त्याला मी वाट बघायला लावली.

माफ करा म्हणत न्हाई. ते तुमचं तुम्ही ठरवा.

दिगंबर, आता कुणाची वाट बघू नको. नीघ बाबा.

तुझ्या आईचा रामराम.