डोमाभाऊंच्या सात्या

डोमाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंदेवाहीत ट्रॅक्टरवाल्याशी बोलत उभा होतो. त्याला तसाच सोडून मी गावाकडे निघालो. आणि खरं सांगतो, वाटेत पहिला विचार आला... आता सात्यांची जागा कोण सांगणार? याची मला अजून लाज वाटते. पण सात्या खाल्लेल्या माणसाला माझं दुःख कळेल. पावसाळ्यात आपोआप उगवणारी ही अळिंबी ताटात आली की कोंबडीच्या रश्श्याकडे कोणी पाहत नाही. ती कुठे उगवते हे इथला माणूस पोटच्या पोरालाही सांगत नाही. मी तर नुसता शेजारी, त्यातही चिमूरहून बदलून आलेला गणिताचा मास्तर.

"सांगा ना भाऊ," असं मी बारा वर्षं म्हणत आलो. डोमाभाऊंनी कधी नाही म्हटलं नाही. "चला, दाखवतो," म्हणायचे आणि तीन तास जंगलात फिरवायचे. कुड्याच्या फुलांची भाजी कशी करायची, बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, केवढे असताना काढायचे, लाल मुंग्यांचं घरटं फांदीवरून कसं उतरवायचं, सगळं दाखवायचे. त्या मुंग्यांची चटणी एकदा त्यांनी मला तापात चारली. ताप उतरला, जीभ मात्र दोन दिवस माझी नव्हती. सात्यांचं विचारलं की ते थबकायचे, हवा हुंगायचे आणि हळूच म्हणायचे, "मास्तर, वाघ हाये वाटते." एवढं ऐकल्यावर मी मागे वळून पाहायलाही थांबत नसे. मग एखाद्या सकाळी पळसाच्या पानांत बांधलेल्या सात्या घेऊन ते दारात हजर. "लई दूर जा लागते. अर्ध्या तुमाले, अर्ध्या आमाले." मी ओशाळून त्यांना दोनदा चहा पाजायचो.

अशा माणसाशी माझा तंटा एकच. माझ्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कोपऱ्यात कमरेएवढं वारूळ आहे. ते मोडून जमीन सपाट करायची, एवढीच माझी इच्छा. डोमाभाऊ दरवर्षी आडवे यायचे. "त्यात नाग राह्यते. नागपंचमी होऊ द्या." नागपंचमी झाली की, "मादी अंड्यावर बसली." पुढच्या वर्षी, "वारुळाची माती गेली तं आमच्या घरची चूल कायनं सारवाव?" एकदा चिडून म्हणालो, "भाऊ, शेत माझं आहे." ते शांतपणे म्हणाले, "तुमचंच हाये, मास्तर. पन तुमाले काऊन घाई होऊन राह्यली?" ते वर्षही तसंच गेलं.

आता अडवणारं कोणी नव्हतं. तेरवी झाली, ट्रॅक्टर ठरला. ठरल्या दिवशी सकाळीच बांधीवर पोचलो, तर वारुळापाशी डोमाभाऊंची बायको, पार्वताबाई, टोपली घेऊन बसलेली. तेरवीपासून ती घराबाहेर पडली नव्हती. तिच्या भोवती, वारुळाच्या पायथ्याशी, पांढऱ्या छत्र्या दाटीने उगवल्या होत्या. मी आपला एरवी शाळा सुटल्यावर शेतात येणार. तोवर तिथे काय शिल्लक असणार?

"बाई... या त्याच?"

"याच. खाली वाळवी राह्यली तं वर सात्या निघते. आज तुमी मोडून राह्यले म्हून शेवटच्या नेऊन राह्यली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"म्या म्हनलं होतं, सांगून टाका. तं म्हने, मास्तर भला मानूस हाये, त्याच्या पोटात काही राह्यत नाई. साऱ्या शाळेले सांगन, मंग वारूळबी नाई अन् सात्याबी नाई." तिने टोपली पुढे ओढली. "तुमच्या वावरातल्या होत्या म्हून अर्ध्या देत होते. चोर नव्हता जी माहा मानूस."

मी चिखलातच बसलो. बारा वर्षं माझाच माल मला भेट देऊन हा माणूस वर दोन-दोन चहा पिऊन गेला होता. हसू आवरेना, आणि हसता हसताच रडू फुटलं. डोमाभाऊ गेले ते मला खरं तर तेव्हा कळलं.

ट्रॅक्टर वाटेवरूनच परत पाठवला. पार्वताबाईने मला सात्या काढायला शिकवलं... देठ उपटायचा नाही, बोटाने मोडायचा, भोकावर माती लोटायची. मग तिने टोपलीतल्या अर्ध्या माझ्या गमछ्यात टाकल्या. वारूळ आता कोणी मोडणार नाही.

एवढं सगळं छापायला देतो आहे, याची जाणीव मला आहे. माझ्या पोटात काही राहत नाही, हेही खरं. पण ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला म्हणतात, तसं माझं झालं आहे. वारूळ बांधीच्या कोपऱ्यात आहे असं मी वर लिहिलंय. ते तिथे नाही.