शेवाळ लागलेला गुरू

"अहो, गुरूला शेवाळ कधीपासून लागलं?"

बायको चहा घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी होती. संगणकाच्या पडद्यावर मी तीन दिवस खपून तयार केलेला गुरू ग्रह होता आणि त्याच्यावरचा तो प्रसिद्ध लाल डाग, तिच्या म्हणण्याप्रमाणे, हिरवागार झाला होता. मला काहीच वावगं दिसेना. लाल आणि हिरव्यातला फरक मला जन्मापासूनच कळत नाही. आणि शिंचं ते चित्र मी सकाळीच आमच्या आकाशवेड्या हौशी मंडळींच्या गटावर टाकून मोकळा झालो होतो! तिथे सगळे खदखदून हसत होते.

या डोळ्यांपायीच माझी आगगाडी चालवायची नोकरी हुकली. बाविसाव्या वर्षी डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पान पुढे धरलं, "यात आकडा कोणता दिसतो?" मला नुसते ठिपके दिसले. मग इथेच रत्नागिरीत कारकुनी केली, निवृत्त झालो आणि या नादाला लागलो. अंतराळयान गुरूचे फोटो पाठवतं ते काळेपांढरेच, लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून एकेकदा टिपलेले. ते कुणालाही उतरवून घेता येतात. तिन्ही एकमेकांवर नीट बसवले की रंग उमटतो. काळ्यापांढऱ्यात मी कुणाला हार जात नाही. घोळ झाला तो पुढे, लाल काचेची फाइल हिरव्याच्या जागी गेली आणि हिरव्याची लालच्या.

"मी बसते शेजारी. रंग सांगत जाईन," ती म्हणाली.

"काही नको!" मी खेकसलो. "माझं मी करीन. नाहीतर पुन्हा या गुरूचं नाव काढणार नाही."

"करा बापडे," म्हणून ती आत गेली.

मग मी डोळ्यांवर भिस्त ठेवायचंच सोडलं. चित्रात कुठेही बाण नेला की संगणक तीन आकडे दाखवतो, लाल किती, हिरवा किती, निळा किती. पांढऱ्या ढगावर तिन्ही जवळपास सारखे हवेत. ते येईपर्यंत हटलो नाही. गुरू गरागरा फिरणारा, त्यामुळे तिन्ही फोटोंत ढग थोडे थोडे सरकलेले. तेही ताणून ताणून जुळवले. प्रत्येक फाइलचं नाव मोठ्याने वाचून वहीत लिहिलं. आठ दिवस आंघोळ झाली की मी आणि गुरू. शेवटी डागावर लालचा आकडा सगळ्यांत मोठा आला, निळ्याचा सगळ्यांत लहान.

बायकोला हाक मारली. ती पदराने चष्मा पुसून पडद्याजवळ वाकली.

"अगं, बोल की!"

"आपल्या गडग्याच्या चिऱ्यासारखा आहे हो," ती म्हणाली. "अगदी तस्सा."

अंगणाभोवतीचा, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा तो बुटका गडगा. त्यावर बसून लहानाचा मोठा झालो, पण तो आणि त्यातून उगवलेलं गवत मला कायम एकाच रंगाचं. तसाच उठलो, बाहेर जाऊन मोबाइलवर चिऱ्याचा फोटो काढला, संगणकावर आकडे पाहिले. लाल मोठा, हिरवा मधला, निळा लहान. डागाच्या आकड्यांना अगदी खेटून. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

तिने खांद्यावर हात ठेवला. "दिसला का हो लाल?"

"नाही," मी म्हटलं. "पण मला करता येतो."