विमा नवऱ्याच्या नावावर होता

बाळ रडत होतं आणि मंगल भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी बाळ उचलून तिच्या कुशीत ठेवलं. तिनं हातसुद्धा हलवला नाही.

"मावशी, तुमीच न्या ह्याला," ती म्हणाली. "मला सारखी विहीर दिसती."

मी इंदापूरच्या एका प्रसूतिगृहात आया आहे. शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण त्या दिवशी बाळ तसंच हातात घेऊन डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेले आणि मंगल काय म्हणाली ते सांगितलं. (तिचं आणि तिच्या आईचं नाव इथं बदललं आहे.)

बाळंतपणानंतर काही बायकांचं मन आजारी पडतं. झोप उडते, बाळ नकोसं होतं, नको ते विचार येतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवायला हवं. म्हणजे मनाचा आजार तपासून, बोलून बोलून त्यावर उपचार करणारा माणूस. तो गोळ्या देत नाही.

नव्वदनंतरची ही गोष्ट. असा माणूस आपल्या भागात आहे का, हेच कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरबाई फोन लावत राहिल्या. शेवटी कळलं की पुण्याच्या एक मॅडम दर गुरुवारी बारामतीला लहान मुलांच्या एका दवाखान्यात बसतात.

मंगलची आई ताराबाई कळसची. पहिलं बाळंतपण म्हणून लेक माहेरी आलेली. जावई काटेवाडीचे, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. ताराबाईंनी एकच धरून ठेवलं होतं, सासरी यातलं काही कळता कामा नये. डोक्याचं दुखणं म्हटलं की पोरीला नांदवायला नेणार नाहीत. मग बाळ घेतलं, मला सोबत घेतलं, बाजाराला चाललोय असं दिसावं म्हणून पिशव्या घेतल्या आणि गुरुवारची एसटी धरली. एसटीत मी मंगलला खिडकीशी बसू दिलं नाही.

स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात मी हळूच पत्ता विचारला. दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "येड्यांच्या डॉक्टर बसत्यात तितं?" ताराबाई मागच्या मागं वळल्या. मी त्यांचा पदर धरला.

मॅडम तासभर मंगलशी एकट्या बोलल्या. मग आम्हाला आत घेतलं. हिला क्षणभरही एकटी सोडू नका, म्हणाल्या. दर आठवड्याला आणा, औषध लागलं तर पुण्याच्या डॉक्टरांना दाखवू, आणि पुढच्या वेळी मालकांना घेऊन या.

ताराबाईंना दर आठवड्याची फी झेपणारी नव्हती. बाहेर येऊन त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हितं विमा चालतो का? जावयाच्या कंपनीनं काढल्याला हाय."

मुलगी म्हणाली की ते कंपनीलाच विचारावं लागेल. पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी जाऊन.

ताराबाई बाकावर बसल्या. विमा विचारायचा तर जावयाला सांगायला हवं. न सांगावं तर उपचार बंद.  मग म्हणाल्या, "जावयापुढं मी कसं तोंड उघडू? मावशी, तुमी जाता का?"

मी गेले. कंपनीच्या गेटवर वॉचमननं कोण, कुठल्या, काय काम विचारलं. मला जावयाचं नाव आणि "बाळंतीण" एवढंच बोलता आलं. तो धावतच आत गेला. जावई तेलकट हातांनीच बाहेर आले.

"बाळाला काय झालं?"

"बाळ चांगलं हाय. मंगल चांगली न्हाय."

विहिरीचंही सांगितलं.

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी तिला नांदवायची न्हाय, असं वाटलं त्यांना."

मग मी मॅडमच्या उपचाराचं आणि विम्याचं सांगितलं. ते तसेच मला ऑफिसात घेऊन गेले. तिथले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "पेशंट अ‍ॅडमिट आहे?"

"न्हाय, साहेब," जावई म्हणाले.

"ऑपरेशन?"

"न्हाय. बोलायचं असतंय नुसतं."

"बोलण्याचा विमा नसतो रे. आणि मनाचा आजार ह्या पॉलिसीत बसतच नाही."

 आता जावयालाही कळलं आणि विमाही मिळाला नाही. ताराबाईंना कुठल्या तोंडानं सांगू?

जावई हलले नाहीत. म्हणाले, "मग दर गुरुवारी मला रातपाळी द्या, साहेब. दिवसा बायकोला आणायची हाय."

साहेबांनी दिली.

दवाखान्यात आलो तेव्हा जावयाला बघून ताराबाईंनी पदर पुढं ओढला आणि उठून उभ्या राहिल्या. जावई आधी नळाकडं गेले. हात धुतले, बाळ घेतलं आणि मंगलशेजारी बसले. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

पुढं ते दर गुरुवारी तिला घेऊन जात राहिले. पुण्याच्या औषधांचीही गरज पडली. बरं व्हायला बरेच महिने गेले. बाळाला डोस द्यायला मंगल आमच्याकडं आली, तेव्हा ते तिच्याच कडेवर होतं. मी घ्यायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मावशी, तुमच्याकडं रडंल."

विम्यानं काहीच दिलं नाही. आता तर मला पक्कं माहीत आहे की नुसत्या बोलण्याच्या उपचाराला तो सहसा देत नाही. तरी अशी बाळंतीण आली आणि तिची आई कुणाला कळवू नका म्हणाली, की मी पहिल्यांदा विचारते, विमा आहे का? आणि कुणाच्या नावावर?