पात्रता लेफ्साची आणि आर्डिसची

नॉर्डालमध्ये येऊन मला एकतीस वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी मी अजून 'ती शिकागोची लोरेट्टा'च आहे. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण मिनेसोटात तसं बोलून दाखवायचं नसतं. कुणी 'कसं काय?' विचारलं की 'तसं बरंय' म्हणायचं, मग छातीत कळ येत असली तरी बेहत्तर. आणि कुणी काही पुढे केलं, कॉफी असो, केकचा तुकडा असो, नाहीतर बर्फात रुतलेली गाडी ढकलायला खांदा असो, पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'अहो, उगाच कशाला' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तरच 'बरं, अगदी थोडं' म्हणायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पहिल्याच 'घेतेस का?'ला 'हो' म्हटलं, ते माझ्या मावससासूबाईंनी मरेपर्यंत लक्षात ठेवलं. उलट माझ्याकडे आलेले पाहुणे पहिली दोन वर्षं उपाशी परत गेले, कारण मी एकदाच विचारायची.

या रिवाजात गावात पहिला नंबर माझी शेजारीण आर्डिस क्वामे हिचा. वय एकाहत्तर, उंच, सडपातळ. चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिथे तिचा आवाज असा होता की हातात ट्रे घेतलेली तीनशे पोरं एका हाकेत गप्प व्हायची. पण तो आवाज फक्त दुसऱ्यांच्या भल्यासाठी, स्वतःसाठी तिने कधी ब्र काढला नाही. एकदा पन्हळ साफ करताना ही शिडीसकट खाली आली आणि हिरवळीवर उताणी पडून राहिली. पोस्टमन आला. 'काही मदत हवीय का?' त्याने विचारलं. 'नको, जरा आभाळ बघतेय,' ही म्हणाली. तोही नॉर्डालचाच. त्याने पत्रं तिच्या हाताशी ठेवली आणि गेला. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

तिचा कुत्रा लेफ्सा. लेफ्सा म्हणजे आमच्याकडची बटाट्याची पातळ पोळी, नाताळात घरोघरी होते. पिल्लू असताना त्याने टेबलावरून तशा एकोणीस पोळ्या हाणल्या, म्हणून हे नाव. पिवळट रंगाचा, आडमाप, एक कान उभा आणि एक पडलेला. त्या एकोणीस पोळ्यांनंतर आर्डिसने त्याला वळण लावायचं मनावर घेतलं आणि तिला जे वळण ठाऊक होतं तेच लावलं. त्याचा परिणाम पुढे सांगते.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला पार्किन्सन असल्याचं सांगितलं. ते तिने कुणालाही कळू दिलं नाही. या आजारात कधीकधी चालता चालता पाय जमिनीला खिळतात, विशेषतः दारात. हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा मी एवढंच बघत होते की आर्डिस हल्ली दाराशी थांबते आणि म्हणते, 'काय छान चौकट आहे नाही?' मी भोळसट. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात ती पाच मिनिटं उभी राहून कौतुक करत होती, म्हणून मी ती चौकट नव्याने रंगवून घेतली!

मग सप्टेंबरात तिचा मुलगा कर्टिस मिनियापोलिसहून आला. आई न्हाणीघराच्या दारात उभी होती. चाळीस मिनिटं. शेजारी लेफ्सा बसलेला. तेव्हा कुठे तिला आजाराचं नाव सांगावं लागलं, आधी त्याला आणि मग मला. कर्टिस मनाने चांगला आहे, पण सगळं झटपट उरकणारा. जाण्याआधी त्याने शहरातल्या एका वृद्धनिवासात आईचं नाव घातलं. जूनमध्ये खोली रिकामी होणार होती आणि तिथे कुत्रा चालत नव्हता.

'मेपर्यंत तुला एकटीला नीट चालता यायला लागलं तर बघू,' तो म्हणाला.

'ठीक आहे, तुझंही बरोबर आहे,' आर्डिस म्हणाली. तो गेल्यावर ती माझ्या ओट्याशी उभी राहून आधीच स्वच्छ असलेला कप पुसत राहिली. अर्ध्या तासाने म्हणाली, 'लेफ्साला कुणी घेईल का गं?'

माझं डोकं फिरलं. मी शिकागोची, मला गप्प बसता येत नाही. वाचनालयात जाऊन मी शोधाशोध केली आणि तासाभराच्या अंतरावरच्या गावात एक संस्था सापडली. तिथे लोकांना स्वतःचाच कुत्रा मदतनीस म्हणून तयार करायला शिकवायचे. पार्किन्सनवाल्यांचा कुत्रा पावलावर पंजा ठेवतो आणि पाय सुटतो, असं त्यांच्या माहितीपत्रकात होतं. फक्त अटी होत्या. कुत्रा एक ते चार वर्षांचा हवा, लेफ्सा तीनचा. किमान सहा महिने तुमच्याच घरात राहिलेला हवा. लस टोचलेला, खच्ची केलेला, धडधाकट हवा. माणसावर गुरगुरणारा नको, भांड्याच्या आवाजाने पळणारा नको, खाऊ दाखवला की शिकायला तयार होणारा हवा. मालकाने सगळं स्वतः शिकवायचं, पट्टा दुसऱ्या कुणी धरायचा नाही. आणि मालकाला अपंगत्व असल्याचं अर्जात आणि डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं हवं. मी म्हटलं, झालंच की काम. कुत्रा तर अटी वाचूनच जन्माला आल्यासारखा आहे.

अर्ज तिने भरला आणि मला न दाखवता पेटीत टाकला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मी गेले तर पत्र फ्रिजवर चिकटवलेलं. 'आपल्या अर्जावरून आपल्याला मदतनीस कुत्र्याची गरज असल्याचे दिसत नाही. आपल्या उत्तम प्रकृतीबद्दल अभिनंदन.'

'किती छान लिहितात नाही?' आर्डिस म्हणाली.

'आर्डिस, तू लिहिलंस तरी काय?'

'विचारलं होतं, रोजच्या जगण्यात काय अडचणी येतात. मी लिहिलं, तसं विशेष काही नाही, चाललंय. माझ्यापेक्षा जास्त गरज असलेले असतील, आधी त्यांना घ्या.'

'आणि डॉक्टरांनी?'

डॉक्टरही नॉर्डालचेच. त्यांनी लिहिलं होतं, 'रुग्णाची तक्रार नाही. याहून वाईट असू शकलं असतं.'

'अगं बाई, जून आला की तुझं घर जाईल, हा कुत्रा जाईल, आणि तू अभिनंदन चिकटवून बसलीयेस?' मी ओरडले. तिने पत्राचा सुटलेला कोपरा नीट दाबला. मग म्हणाली, 'अक्षर मात्र सुरेख आहे त्यांचं.' मी त्या संस्थेला फोन लावला. मारिसोल नावाची प्रशिक्षक बोलली, टेक्सासकडची, नुकतीच इकडे आलेली. माझं सगळं ऐकून म्हणाली, 'कागद राहू द्या. दोघांना घेऊन या, मी डोळ्यांनी बघते.'

नोव्हेंबरात गेलो. मोठा हॉल होता. मारिसोलने लेफ्सामागे पातेलं आपटलं. स्वयंपाकिणीचा कुत्रा तो, पातेल्याला काय भिणार? त्याने जांभई दिली. चाकांची खुर्ची अंगावर आणली, तो बाजूला सरला. एक पोर त्याच्या कानाला लोंबकळलं, तो सहन करत राहिला. मग मारिसोलने खिशातून सॉसेजचा तुकडा काढला.

लेफ्साने मान वळवली.

तिने पुन्हा पुढे केला. लेफ्साने एक पाऊल मागे घेतलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला.

मारिसोलने वही मिटली. 'बाकी सगळं उत्तम आहे हो. पण खाऊ घेत नाही त्याला मी शिकवणार कशाच्या जोरावर? ही अट मला सोडता येत नाही.'

आर्डिस म्हणाली, 'बरोबर आहे तुमचं. तुम्ही इतका वेळ दिलात हेच खूप.' आणि पट्टा गुंडाळायला लागली.

'तिसऱ्यांदा विचारा!' मी मागून किंचाळले.

'काय?'

'अहो, तिसऱ्यांदा विचारा त्याला! इथला आहे तो!'

मारिसोलने माझ्याकडे बघितलं, मग तुकडा तिसऱ्यांदा पुढे केला. लेफ्साने अलगद तोंडात घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा तिच्या बुटाशी ठेवला. कारण आमच्याकडे शेवटचा घास कुणी संपवत नाही. मारिसोल इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आर्डिसचे कान मात्र लाल झाले होते. 'हावरटपणा करू नये एवढंच शिकवलं होतं मी,' ती पुटपुटली.

हसणं ओसरल्यावर मारिसोलने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली. 'आता तुमची पाळी. तुम्हाला काय अडचण येते?'

'तसं विशेष काही नाही.'

'काहीच नाही?'

'माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं आहेत हो.'

मारिसोल उठायला निघाली होती. तिची नजर बुटाशी पडलेल्या अर्ध्या तुकड्यावर गेली आणि ती परत बसली. 'आर्डिस,' ती हळूच म्हणाली, 'तुम्हाला काय होतं?'

आर्डिसने खाली बघितलं. 'पाय उचलत नाहीत. डोकं चल म्हणतं आणि पाय ऐकतच नाहीत. मी दारात उभी असते आणि मला वाटतं, आता मी इथेच राहणार. मला फार भीती वाटते.' एवढी लांबलचक तक्रार मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. मला रडू आलं आणि मी सरळ रडले. मारिसोलने अर्जावरची ती जागा स्वतःच्या हाताने भरली.

सगळा हिवाळा दर गुरुवारी आम्ही जायचो. गाडी मी चालवायची, पट्ट्याला हात लावायचा नाही. काठी उचलून देणं लेफ्सा पंधरा दिवसांत शिकला, पडलेल्या किल्ल्या देणं त्याहून लवकर. अडलं ते पावलावर पंजा ठेवण्यापाशी. त्याची खूण एकच शब्द होता, 'मदत!' आणि तो आर्डिसच्या तोंडून निघेना.

'लेफ्सा, तुला जमणार असेल तर,' ती म्हणायची, 'म्हणजे घाई नाहीये हं.'

लेफ्सा तिच्याकडे बघून शेपूट हलवायचा.

'त्याला एक शब्द लागतो आर्डिस, विनंती अर्ज नको,' मारिसोल म्हणायची.

'पण असं एकदम मागायचं म्हणजे...' सरावाच्या वेळी ती तो शब्द इतक्या खाली बोलायची की बिचारा लेफ्सा तिच्या ओठांकडे बघून अंदाजाने पंजा टाकायचा. घरी मी वैतागून उशी फेकून मारली, तर तिने ती झटकून परत दिली.

शेवटची परीक्षा मेमध्ये, खऱ्या गर्दीत घ्यायची होती. आर्डिसने चर्चच्या तळघरातलं वसंतातलं जेवण सुचवलं. कर्टिसही त्याच दिवशी यायचा होता, वृद्धनिवासाचे कागद घेऊन. मारिसोल वही घेऊन भिंतीशी उभी राहिली. तळघराचं दार अरुंद. पुढे आर्डिस आणि लेफ्सा, मागे तिची हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचा मांस-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, घेऊन मी, माझ्या मागे आपापली गरम भांडी धरलेली तीसेक माणसं.

आर्डिस उंबऱ्यात थांबली. पाय खिळले.

आमचं गाव फार सभ्य. पाद्रीसाहेब आतून म्हणाले, 'जुनी चौकट आहे, ओकची.' मागून कुणीतरी म्हणालं, 'हो ना, असं काम आता होत नाही.' तीस माणसं हात भाजून घेत चौकटीचं कौतुक करू लागली. कर्टिस धरायला पुढे झाला, मारिसोलने त्याला हाताने अडवलं.

'लेफ्सा, जमलं तर,' आर्डिस म्हणाली. लेफ्साने शेपूट हलवली.

'उगाच तुला त्रास, पण...' लेफ्साने मान तिरकी केली. कर्टिसने खिशातल्या कागदांना हात लावलेला मला दिसला. बहुतेक तिलाही दिसला.

'लेफ्सा! मदत!'

तो शाळेचा आवाज होता. आत सहा पुरुष खुर्च्या पाडून उठले, त्यातले चौघे तिच्या हातचं जेवून मोठे झालेले. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या हातून लोणच्याची बरणी पडली. पाद्रीसाहेब टेबलाला थडकले. पण सगळ्यांच्या आधी लेफ्सा पोचला होता. त्याने पुढचा पंजा उचलून तिच्या बुटावर ठेवला, आणि बूट हलला. आर्डिस चालत आत गेली. मारिसोल वहीत काहीतरी लिहीत होती आणि मध्येच डोळे पुसत होती.

जेवताना कर्टिस कितीतरी वेळ बटाटे नुसते चिवडत होता. मग म्हणाला, 'आई, मला कधी अशी हाक का नाही मारलीस?'

'तू तिसऱ्यांदा कधी विचारलंस?' आर्डिस म्हणाली. रागाने नाही, सहजच.

कर्टिसने एक बटाटा काट्याने कुस्करला. मग म्हणाला, 'तुला काही हवंय का, आई?'

'नको रे.'

'खरंच काही नको?'

'अरे, उगाच कशाला.'

त्याने काटा खाली ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. 'आई. काय हवंय तुला?'

'अर्धा कप कॉफी आण,' आर्डिस म्हणाली. 'आणि त्या खोलीसाठीचं माझं नाव काढून टाक.'